सरनेम नहीं पूछा जाएगा!

माझ्या मनात कोणाविषयीही भेदभाव नाही. हे मी स्वतःच तपासून पाहिलं आहे.

नोकरीला लागलो तेव्हा नेपियर टाउनमध्ये खोली शोधत फिरायचो. घरमालक चहा पाजायचे, आडनाव विचारायचे आणि मग त्यांना एकदम आठवायचं, की गावाकडून भाचा राहायला येणार आहे. (जबलपुरात एवढे भाचे कुठून यायचे कोण जाणे!) तो राग अजून गेलेला नाही, मी जाऊ देणारही नाही. म्हणून हट्टाने त्याच नेपियर टाउनमध्ये घर बांधलं, आणि वरची खोली भाड्याने द्यायची ठरली तेव्हा फाटकावर लाल पाटी ठोकली: 'कमरा किराये पर। सरनेम नहीं पूछा जाएगा!'

पहिलीच आली शहपुऱ्याची एक मुलगी, दवाखान्यात नर्स.

"काका, मी रश्मी..."

"बस! पुढचं सांगू नको!" मी कानांवर हात ठेवले. "एकटीच राहशील?"

"हो."

"भेटायला कोण कोण येईल? ड्यूटीवरून किती वाजता येशील? लग्नाचं काय? असं कर, वडिलांना घेऊन ये. त्यांच्याशीच बोलतो."

रश्मी उठून उभी राहिली. "आजचं हे तिसरं घर, काका. नोकरी मी करून राहिली, खोली मले पाहिजे, अन् बोलणार वडिलांशी? काहून?"

आतून सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, बाहेर आल्या. "तुमच्या त्या घरमालकायसारखेच बोलून राहिले तुम्ही!"

मी भडकलो. मी? पाटी ठोकणारा मी? पण रश्मीचा चेहरा पाहिला आणि लाज वाटली. तेव्हा घरमालकांकडचा चहा संपवून उठताना माझाही अगदी तस्साच व्हायचा.

"चलो, आता मी विचारते," रश्मी पुन्हा बसली. "टीव्ही किती मोठ्यानं लावता? भाडेकरूच्या खोलीत न विचारता घुसता का? तुमची खात्री कोण देईल? वडिलांना बोलवा!"

"ते वारले गं!"

"मग ओळखीचं कोणी?"

मी केविलवाण्या नजरेने सुनंदाकडे पाहिलं. तिने बराच वेळ विचार केला. (एवढा विचार तिने लग्नाआधीही केला नव्हता!)

"माणूस बरा आहे. बोलते जास्त. मी लक्ष ठेवीन."

"सोचकर बताती हूँ," म्हणत रश्मी गेली.

तीन दिवस मी फोनला चिकटून बसलो. चौथ्या दिवशी फोन आला, तोही सुनंदाला. मी पास झालो होतो! माझ्याच घरातली खोली मला अखेर भाड्याने देता आली. बायको जामीन राहिली म्हणून!