छप्पन्न सेंटिमीटरचं हँडल

दातांच्या प्रयोगशाळेत ती पोचवापोचवीचं काम करायची. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे आणायचे, तयार कवळ्या नेऊन द्यायच्या. म्हणून सगळे तिला ‘कवळीताई’च म्हणायचे. वय सेहेचाळीस. सायकल फिक्स्ड गिअरची, म्हणजे चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरणारच, मध्येच पायांना विसावा नाही. मोडण्यासारखं तिच्यात फारसं काही नव्हतं, म्हणून ती कवळीताईला आवडायची.

वैताग होता तो हँडलचा. दवाखान्यांच्या गल्लीत मोटारी शिरू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवले होते. दोन खांबांमध्ये साठ सेंटिमीटर आणि हँडल अडुसष्ट. दिवसातून दहा-बारा वेळा उतरा, सायकल तिरकी करा, पाठीवरच्या पेटीतले साचे सांभाळा. त्यात गेल्या वर्षी मोडलेलं मनगट. हँडल सरळ आणि खाली असल्यामुळे अंगाचा सगळा भार त्या मनगटावर यायचा.

तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. हँडल मधून वर उचललेलं असावं आणि अरुंद असावं.

“वर उचललेलं हवं तर बहात्तरचं घ्या,” दुकानदार म्हणाला. “अरुंद हवं तर सरळ घ्या.”

“मला दोन्ही एकात हवंय.”

“तसं कोण वापरतं?”

“मी.”

पुढच्या खेपेला ती नवऱ्याला घेऊन गेली, आणि ती चूकच झाली. दुकानदार सगळं त्यालाच समजावत बसला. शाळा सुटल्यापासून सायकलला न शिवलेला तो गृहस्थ मान डोलावत म्हणाला, “बरोबर आहे. रुंद हँडलवर ताबा चांगला राहतो.” प्रयोगशाळेतल्या साहेबांचं आणखी वेगळंच. “खांबांपाशी उतरत जा की. तेवढाच व्यायाम.” उंटावरून शेळ्या हाकायला सगळेच तयार.

एका सकाळी ती स्वयंपाकघरात झाडूचा दांडा दोन्ही हातांत आडवा धरून उभी राहिली. हात जिथे सैल, सुखात राहतील तिथे खडूने खुणा केल्या. टेप लावली तर छप्पन्न भरले.

“काय झाडतेस हवेत?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही, आई. माप घेतेय.”

“झाडूचं?”

तिने झाडू कोपऱ्यात ठेवला. त्याच दिवशी बहात्तरचं उंच हँडल आणलं आणि नळाची कामं करणाऱ्या दिराकडे दिलं. “भाऊजी, सोळा सेंटिमीटर कमी करायचंय.”

“अहो वहिनी, पाइपच तर आहे. उद्या घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी त्याने हँडल हातात ठेवलं. सोळाच्या सोळा त्याने एकाच बाजूने उडवले होते. उजवीकडे ब्रेकला जागा नाही, मूठ बसायला जागा नाही.

तिने कपाळाला हात लावला. “दोन्हीकडून आठ-आठ, भाऊजी.”

“मग तसं सांगायचं ना. तुम्ही सोळा म्हणालात, मी सोळा कापले.”

भांडून कापलेला पाइप वाढत नाही. तिने फक्त त्याचं पाइप कापायचं हत्यार उचललं आणि घरी आली. दुसरं हँडल आणलं. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून दोन्ही टोकांना रेघ मारली, तीन-तीनदा मापली, आणि हत्यार हळूहळू फिरवत स्वतः कापलं. कानशीने कडा घासल्या, मुठी चढवल्या, ब्रेक बसवला.

पहिले दोन दिवस सायकल जरा हात लावला की वळायची. एकदा तर ती भिंतीला घासून गेली, पण घरी चकार शब्द काढला नाही. न विचारता सल्ले मिळाले असते. तिसऱ्या दिवशी हात बसला. खांबांमधून ती पॅडल मारत सरळ निघून गेली. आठवड्याभरात मनगटाचा ठणकाही उतरला.

रविवारी शेजारी सायकल बघायला आले. नवऱ्याने हँडलवर हात ठेवून सांगितलं, “बाजारात मिळतच नाही हो असं. शेवटी आम्ही कापून घेतलं.”

कवळीताईने त्या ‘आम्ही’कडे एकदा नीट पाहिलं आणि चाकात हवा भरायला खाली बसली.