सव्वीस जानेवारीचा पोरींचा फुटबॉल

मामाचा विषय निघाला की आजही माझ्या कपाळाला आठी पडते. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं आहे. वाईट माणसाला चार शिव्या घालून मोकळं होता येतं. ज्यानं आपल्याला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याचं काय करायचं?

कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहायचो. आमचे वडील, अण्णा, बॉयलरवर होते. आईचा धाकटा भाऊ, हा मामा, तिथंच फिटर होता आणि कारखान्याच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. संध्याकाळी पाळी सुटली की बाप्ये मैदानात उतरायचे. आम्ही पोरी कडेला उसाचं टिपरू चघळत बसायचो आणि बाहेर आलेला चेंडू हातानं परत टाकायचो. एकदा मी पायानं टाकला. तो थेट मामाच्या छाताडावर जाऊन बसला.

"अगं बया," मामा म्हणाला, "ही लाथ कुटनं आनलीस?"

तिथून त्यानं मला आणि कॉलनीतल्या चार पोरींना गोळा करून शिकवायला घेतलं. चेंडू कातड्याचा, तोंडाशी वादीनं शिवलेला. ती वादी कपाळाला लागली की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. परकर खोचून खेळायचो आणि गुडघे फोडून घ्यायचो. नळावरच्या बायका नाकं मुरडायच्या. खो-खो चालत होता, लंगडी चालत होती, पण पोरीनं चेंडूला पाय लावला की ती हातची गेली. असं का, ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

एकाहत्तरच्या आसपासची गोष्ट. पेपरात परदेशातल्या बायकांच्या फुटबॉलचा फोटो आला. एका देशाच्या बायका दुसऱ्या देशाच्या बायकांशी खेळत होत्या, अर्ध्या चड्डीत, आणि मागं माणसंच माणसं. पेपर यायचा सलूनमध्ये, म्हणून मामा मला तिथं घेऊन गेला. मी दारात उभी राहून फोटो बघत होते आणि आत शेरे चालले होते.

"एवढी गर्दी काय खेळ बघाया जमलीय व्हय?" गालाला साबण लावलेला एक मुकादम म्हणाला.

"त्यांच्यात नवरं भाकऱ्या थापीत असत्याल," दुसरा म्हणाला.

न्हाव्यानं तर निकालच लावला. फोटो खोटा, धडं बाप्यांची आणि मुंडकी बायकांची. सगळे फिदीफिदी हसले. एकटा मामा हसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "हसू दे. आपन यांना खरा सामना दाखवू." त्या एका वाक्यावर मी जीव ओवाळून टाकला. वेडी मी.

अण्णांना माझे हातपाय मोडायची भीती नव्हती. लोक हसतील याची होती. मी नववीत गेले तसे ते म्हणाले, "आता बास. उद्या सोयरिक बघायची हाय." मी दोन वेळ जेवले नाही. शेवटी मामानं रदबदली केली.

"दाजी, सव्वीस जानेवारीला कारखान्याच्या मैदानावर पोरींचा सामना ठेवू. तालुक्याच्या शाळेच्या पोरी बोलवतो. तुमी सोता येऊन बघा. लोकांनी नीट बघितलं तर हिला खेळू द्या. न्हाईतर मीच हिला घरी बसवतो."

अण्णांनी मान हलवली. म्हणजे माझं सगळं त्या एका दुपारवर आलं.

भावांचे जुने पायजमे कापून आम्ही गुडघ्याखाली येतील असे शिवले. पहाटे, दंव पडलेलं असताना, मामा माझ्याकडून डाव्या पायानं चेंडू मारून घ्यायचा. "गोलकीपरच्या डोळ्यात बघू नगं, कोपऱ्यात बघ," तो सांगायचा. आमचा गोलकीपर मला गोल करायला शिकवतोय, याचं मला केवढं अप्रूप वाटायचं.

झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या. गळीत हंगाम चालू होता, त्यामुळे ऊसतोडीची माणसंसुद्धा मैदानाला वेढा घालून बसली होती. अण्णा पुढच्या खुर्चीत होते. आम्ही मैदानात जाऊन उभ्या राहिलो तर कुणी हसलं नाही. खरं सांगते, कुणीही हसलं नाही. मग कर्णा बोलायला लागला, "आणि आता येतोय पाहुणा संघ, थेट परदेशातून!"

तालुक्याच्या पोरींच्या जागी कारखान्याच्या बाप्यांचा संघ बाहेर आला. लुगडी नेसून, चोळीत चिंध्या कोंबून, रुपयाएवढं कुंकू लावून. आमच्याकडं जत्रेच्या नाटकात बाप्यांनी लुगडं नेसायचं ही जुनीच रीत, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण आम्ही तिथं नाटक करायला आलो नव्हतो. सगळ्यांच्या मागून कंबर हलवत गोलकीपर आला. तोंड दिसायच्या आधी मी लुगडं ओळखलं. आईचं हिरवं, जे ती आम्हाला हातसुद्धा लावू द्यायची नाही. मी वळून बायकांत बसलेल्या आईकडं बघितलं. तोंडाला पदर लावून ती हसत होती. तिला ठाऊक होतं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हे.

माझ्या मैत्रिणी रडकुंडीला आल्या, एक तर निघूनच गेली. मला रडू आलं नाही. माझं डोकं फिरलं. मी चेंडू घेतला आणि पळाले. वाटेतले बाप्ये मुरका मारून, "जाऊ द्या बाई," म्हणत बाजूला झाले. मी डाव्या पायानं मारला, कोपऱ्यात बघून, अस्सा मारला की तसा पुन्हा कधी बसला नसता. मामानं डोक्यावरून पदर ओढला, लाजल्यासारखी पाठ फिरवली, आणि चेंडू आत गेला.

"वैनी लाजल्या!" कर्णा ओरडला. सगळं मैदान हसून हसून लोळायचं बाकी राहिलं.

घरी आले तर अण्णा उंबऱ्यात डोळे पुसत होते, हसून. "लई दिसांनी एवढा हसलो," ते म्हणाले. "तुमी सगळ्यांनी मिळून बसवलं व्हय? दरसाली ठेवा की. खेळ तू, माझी ना न्हाई."

तेवढ्यात लुगड्याची घडी काखेत मारून मामा आला. काजळ अजून डोळ्यांतच होतं. "मिळवून दिली का न्हाई?" तो मला म्हणाला. "आगं, हसवलं म्हनून तर खेळू दिलं तुमाला. न्हाईतर दगडं खाल्ली असती."

मी म्हटलं, "मामा, माझा तो गोल तू अडवला असतास का?"

त्यानं खरंच आठवून बघितलं.

"काय की," तो म्हणाला. "मी पदर सावरीत हुतो. बघितलाच न्हाई."

त्यानंतर मी खेळले नाही. मामा मात्र मरेपर्यंत पाहुण्यारावळ्यांत सांगत राहिला, की मी हिला परवानगी काढून दिली होती, हिनंच खेळ सोडला.