मिलशेजारचा कान

कानात आवाज येतो हे घरात एकदा सांगितलं की तो कान आपला राहत नाही. तो आईचा होतो, आत्याचा होतो, शेजारणीचा होतो. ज्याला त्याला त्यात काहीतरी ओतायचं असतं, नाहीतर त्यातून काहीतरी काढायचं असतं. माझ्या कानाचे असे इतके किस्से साठले आहेत की एक सांगायला घ्यावा तर दुसराच आधी आठवतो. म्हणून एकदाचे लिहून टाकते.

आधी मामला काय तो सांगते. आमचं घर गोंदियात, आमच्या राइस मिलच्या भिंतीला लागून. मिल बाबांची. घरात आई, बाबा आणि बाबांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली, ती इथंच राहिली. मी नागपूरला बी.ए. करत होते, शेवटचं वर्ष राहिलं होतं. सुटीत घरी आले, हिवतापाने आडवी झाले, आणि उठले ती दोन्ही कानांत शिट्टी घेऊनच. बारीक, सरळ, न थांबणारी. गार्डाने शिट्टी फुंकावी आणि श्वास घ्यायलाच विसरावं, तशी.

आईने कारण तिथल्या तिथे शोधलं. "वाचून वाचून डोक्स्यात हवा भरली. ते आता कानातून निघून राहिली."

"मग निघू दे की."

"सारी निघंपर्यंत नागपूर बंद."

बाबांनी मान हलवली. म्हणजे माझी पदवी आता माझ्या कानाला टांगली गेली. आवाजाचं खरं कारण सापडलं तर कॉलेज, नाहीतर घर. वाद घालून उपयोग नव्हता. मी घालून पाहिला होता.

* * *

बाजारात एक बंगाली डॉक्टर बसत. बाबा मला त्यांच्याकडे घेऊन गेले.

"बुखार कब उतरा?" डॉक्टरांनी विचारलं.

"पिछले महीने," बाबा म्हणाले.

"और कुनैन?"

"चल रही है."

डॉक्टरांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. "बुखार गया, फिर कुनैन काहे को?"

जपानच्या लढाईमुळे तेव्हा कुनैन, म्हणजे हिवतापाचं औषध, कुठेच मिळत नव्हतं. बाबांनी चार ओळखी काढून बाटली मिळवली होती. ते नम्रपणे म्हणाले, "साब, इतनी मुश्किल से मिली है. फेंक देंगे क्या?"

त्याच गोळ्यांनी कान वाजतात, हे डॉक्टरांनी हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत सांगितलं, आणि शेवटी बंगालीत कपाळाला हात लावला. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. घरी आल्यावर बाटली उजेडात धरून पाहिली आणि मला म्हणाले, "थोड्याच राहिल्या. संपवून टाक."

मी त्या मोरीत ओतल्या. शिट्टी निम्मी झाली, पण गेली नाही.

आई म्हणाली, "निम्मी गोळीची होती. राहिली ते पुस्तकाची."

* * *

काही दिवसांनी डाव्या कानात नवाच आवाज सुरू झाला. घास चावला की खरखर. कोणी आत बसून सुपात पाखडतंय असं वाटायचं. आता खरखरीचं कारण शोधणं आलं.

आत्याने मला शोधूच दिलं नाही. जवसाच्या तेलात लसूण कडकडवली, तेल कोमट केलं आणि माझं डोकं मांडीवर दाबून कानात ओतलं. वर कापसाचा बोळा.

"पाय, गेला ना आवाज?"

"आत्या, सगळेच आवाज गेले."

"मंग अजूनच बरं. आरामानं पडून राय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बंगाली डॉक्टर. त्यांनी तेल पुसलं, आरसा लावून पाहिलं आणि चिमट्याने धानाचं एक फोलपट बाहेर काढलं. ते कानाच्या पडद्याला टेकून बसलं होतं, जबडा हलला की खरखरायचं. मी ते कागदाच्या पुडीत बांधून घरी आणलं. पुरावा हातात होता.

आईने पुडी उघडून पाहिली. "नागपूरच्या खोलीत झाडू नाही मारत काय तुमी पोरी?"

"आई, हे धानाचं फोलपट आहे. मिल नागपूरला नाही, इथं आहे."

आईने थोडा विचार केला. "मंग पुस्तक घेऊन मिलच्या बाजूनं काऊन बसतेस?"

* * *

त्यानंतर मी एक नियम केला. नवा आवाज आला की आधी कोणाला सांगायचं नाही, आपणच तपासायचं.

मागच्या खोलीत दुपारी वाचत बसले की घूं घूं असा आवाज यायचा. मधेच थांबायचा, मधेच वाढायचा. दुसऱ्या खोलीत गेलं की बंद. मनात आलं, आता हा तिसरा. शिट्टीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली, कारण पुस्तक उघडलं की तो हजर व्हायचा. आईचं खरंच बरोबर असेल तर?

मग एकदा दोन्ही कान बोटांनी बंद करून पाहिले. माझी शिट्टी कान बंद केले की वाढते. हा आवाज कमी झाला. म्हणजे हा माझा नव्हताच! बाकावर चढून आढ्याजवळ पाहिलं, तर सागवानी दांडीला एक काळा भुंगा भोक पाडत होता आणि भुसा माझ्या पुस्तकावर पडत होता.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. "आई, मागच्या खोलीत भुंगा आहे."

"मालूम आहे मले. तू यायच्या आधीपासून आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू तं बी.ए. होऊन राहिली. तुले भुंगाही आमीच दाखवावा काय?"

* * *

शेजारच्या मुर्री गावची सोनाबाई आमच्याकडे धान पाखडायला येते. एका सकाळी माझ्यासमोर येऊन बसली. "बाई, तुमच्या कानातला आवाज काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. नुसती शिट्टी आहे."

"देवी असंच बोलते. माही गाय दिसून नाही राहिली, दोन-तीन दिस झाले. विचारा ना जी."

मी चिडले. "कोंडवाड्यात पाहिलंस?"

"नाही जी."

"मग आधी तिथं जाऊन पाहा."

गाय कोंडवाड्यातच होती. मोकाट गाय कोंडवाड्यात नसणार तर काय तहसिलीत बसणार? पण दुसऱ्या दिवशी आमची ओसरी बायांनी भरली. एकीची नथ हरवली होती. एकीला सून माहेराहून कधी येईल ते हवं होतं. प्रत्येकीला मी तेच सांगितलं, की हे दुखणं आहे, देवी नाही. नथवालीने तर माझ्यासमोर नारळच ठेवला.

शेवटी एक बाई राहिली. तिचा मुलगा लढाईवर गेला होता आणि बरेच महिने काही कळलं नव्हतं. तिला मी काय सांगणार? म्हटलं, "मावशी, नुसती शिट्टी वाजते. दुसरं काही ऐकू येत नाही."

"वाजून राहिली ना?"

"हो."

"मंग जिता आहे माहा पोरगा," ती म्हणाली आणि पदर सावरून निघून गेली.

 आई नारळ फोडता फोडता म्हणाली, "तू नागपूरले गेली तं ह्या बायका कोणाले विचारतीन?"

* * *

कॉलेज उघडायला थोडे दिवस उरले आणि मिलचं इंजिन बिघडलं. मोठा भाग दुरुस्तीला नागपूरला गेला. मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदाच भरदिवसा आमच्या घरात शांतता झाली.

बाबा जेवता जेवता थांबले. "मिलचा पट्टा चिरकून राहिला."

हात धुऊन ते मिलमध्ये गेले. मी मागोमाग. तिथे मुनीमजी होते. बाबांना नाही म्हणायचं त्यांना माहीतच नाही.

"मुनीमजी, पट्टे की आवाज सुनाई दे रही है?"

"हां सेठ, कल से."

बाबांनी मिस्त्रीला बोलावून तेल घालायला लावलं. त्याने आज्ञाधारकपणे बंद चाकाला तेल घातलं.

"अब?"

"अब जरा कम है, सेठ," मुनीमजी म्हणाले.

बाबा कान देऊन उभे राहिले. समाधान होईना. मी म्हटलं, "बाबा, इंजिनच बंद आहे. पट्टा फिरेल कशाने?"

त्यांनी पट्टा मुठीत घट्ट धरला. तो गार होता, ढिला होता. तरी त्यांचं डोकं एका बाजूला झुकलेलंच. "मंग कोण चिरकून राहिलं?"

"तुमचा कान."

दुपारच्या चहाला मी सगळ्यांना समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "आत्ता, या घटकेला, कोणाच्या कानात काय वाजतंय?"

"मले काही नाही वाजत," आई म्हणाली.

आत्या बशीतला चहा फुंकत होती. "मले वाजते ना. मिल लागली तवापासून. साऱ्यायलेच वाजते."

"आत्या, मग कधी बोलली नाहीस?"

"श्वास घेतो ते सांगत फिरतो काय आपण?"

आत्याला एक अक्षरही वाचता येत नाही. मी आईकडे पाहिलं. आई चुलीकडे पाहू लागली.

बाबांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मिलनं होते हे. आता दवा एकच, मिलपासून दूर राहणं. जाऊ दे हिले नागपूरले."

* * *

निघायच्या दिवशी आत्या घरात दिसेना. देवळात गेली असेल म्हणून आम्ही तिघं टांग्यात बसून स्टेशनवर आलो. आई-बाबा मला फक्त गाडीत बसवून द्यायला आले होते.

प्लॅटफॉर्मवर बाकावर आत्या बसली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, मांडीवर गाठोडं, पायाशी पत्र्याची पेटी.

"बाई, तू इथं कायले?" बाबांनी विचारलं.

"नागपूरले चालली."

"पोरगी कॉलेजात चालली, बाई."

"ते कॉलेजात जाईन. माहा कान खोलीवर बसन."

आई म्हणाली, "अवो, लोक काय म्हणतीन?"

"काही म्हणू दे. मले तं तसंही कमीच ऐकू येते."

बाबांनी आत्याकडे पाहिलं, मग रुळांपलीकडे मिलच्या चिमणीकडे पाहिलं आणि स्वतःच्या कानात बोट घालून हलवलं. मग तिकिटाच्या खिडकीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तीन तिकिटं होती.