लवंगीबाईंचा प्लॅटफॉर्म

पोरांनी गणिताच्या बाईंचं नाव लवंगी ठेवलं होतं, मिरचीवरून. चण जेमतेम सातवीतल्या मुलीएवढी, पण तिखटपणा असा की पीटीचे सरसुद्धा त्यांच्या वर्गावरून जाताना शिट्टी खिशात घालत. वर्गातल्या लाकडी प्लॅटफॉर्मवर बाईंनी पाऊल टाकलं की मात्र, अहाहा! पडदा वर जावा तसा वर्ग एकदम शांत होई, आणि बाई फळ्याच्या अगदी माथ्यापासून गणित मांडायला घेत.

त्या शाळेत नव्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आल्या. वयाने तरुण, उत्साहाने सळसळत्या. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, सगळ्या वर्गांतले प्लॅटफॉर्म काढायचे. शिक्षकाने उंचावरून नाही, मुलांत मिसळून शिकवायचं. दुसऱ्या दिवशी प्लॅटफॉर्म कोठीत जाऊन पडले.

शिक्षकांच्या खोलीत चहापेक्षा डोकी जास्त तापली.

"आज प्लॅटफॉर्म काढले, उद्या आपल्याला काढतील," पीटीचे सर म्हणाले.

"तुम्हाला कशाला काढतील? तुम्ही वर्गात असता कुठे?" ड्रॉइंगच्या बाईंनी टोला हाणला.

मग सगळे लवंगीबाईंकडे बघू लागले. आता ही मिरची तडतडणार! पण बाई मुकाट्याने कप विसळायला उठल्या. 'माझा हात पोचत नाही' हे त्यांनी जन्मात कधी कुणाला म्हटलं नव्हतं. ते आता काल आलेल्या बाईसमोर म्हणायचं?

घरी नवऱ्याने चेहऱ्यावरूनच ओळखलं. ताडमाड उंच, अबोल माणूस. लग्न झाल्यापासून घरातले सगळे डबे न सांगता खालच्या फळीवर ठेवणारा.

"जाऊन सांग ना त्यांना."

"काय सांगू? मी बुटकी आहे म्हणून? डोळे आहेत की त्यांना."

"पण ते डोळे माझे नाहीत ना," तो म्हणाला.

बाईंना हसू आलं, तरी त्या गेल्या नाहीतच. हात पुरेल तेवढ्या फळ्यावर गणितं दाटीवाटीने बसू लागली. मागच्या बाकांवरची पोरं आधी माना ताणत, मग उभी राहत. "बाई, दिसत नाही हो," एक मुलगी काकुळतीने म्हणाली. त्या रात्री त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मुदतीआधीच निवृत्ती घेते. पुरे झालं."

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मोठ्या बाई त्यांच्या तासाला येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. थोड्या वेळाने त्याही मान ताणू लागल्या. मग उभ्या राहिल्या. फळ्याचा वरचा अर्धा भाग कोराच होता. दोघींची नजरानजर झाली आणि लवंगीबाईंच्या कानशिलांपर्यंत लाली चढली.

तास संपला, पोरं बाहेर पळाली. मोठ्या बाई पुढे आल्या.

"माझं चुकलं, बाई. तुमचा प्लॅटफॉर्म उद्याच परत आणवते."

"माझ्यावर दया नकोय!"

"दया कसली? मला एक अक्षर दिसलं नाही मागून."

मग मात्र मिरची तडतडली. "अहो, त्यावर मी एकटी कधी उभी होते? रोज चार-पाच जणांना वर बोलवायचे. बाकावर तोंड न उघडणारी मुलगीसुद्धा वर आली की ठणठणीत उत्तर द्यायची. तुम्ही मला खाली उतरवलंत, ते एक वेळ असू दे. पण पोरांची चढायची जागा गेली ना!"

मोठ्या बाई पहिल्या बाकावर मटकन बसल्या. "हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"नाही विचारलं," त्या हळूच म्हणाल्या. "आता विचारते. सांगाल?"

लवंगीबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. आवाज अगदी लहान झाला. "माझा हात पोचत नाही हो."

मोठ्या बाईंनी नुसती मान डोलावली. ना सांत्वन, ना सल्ला.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मोठ्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "न विचारता निर्णय घेतला, ही माझी चूक. ज्यांना हवा त्यांनी आपला प्लॅटफॉर्म परत न्यावा."

"मला नको हं," ड्रॉइंगच्या बाई म्हणाल्या. "खालीच बरंय. पोरांची चित्रं जवळून दिसतात."

"मला हवा," लवंगीबाई म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

पीटीच्या सरांनी बाह्या वर केल्या. कोठीतून प्लॅटफॉर्म निघाला तेव्हा एक कोपरा त्यांनी धरला होता, दुसरा मोठ्या बाईंनी, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांना हात लावायला अख्खी खोली धावली होती. पुढे लवंगीबाई.

"डावीकडे, सर! डावीकडे! डावी बाजू कळते ना?"

"कळते हो, बाई," सर धापा टाकत म्हणाले. "तुम्ही गप्प होतात तेच बरं होतं!"

"आता नाही व्हायची," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वर्गाचं दार सताड उघडलं.