सूर्यभान पडद्यापुढे बसले

अकोल्याचे सूर्यभान खंडारे लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. जातीने मातंग. वडील डफडे वाजवायचे. पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेल्या एका शिपायाकडे दोन वर्षे पाणी भरून सूर्यभान ट्रंपेट शिकले.

१९४४च्या मे महिन्यात माझ्या वडिलांच्या, भगवंतरावांच्या, फिरत्या सिनेमाचा तंबू दरवर्षीसारखा अकोल्यात लागला होता. मी अमरावतीच्या कॉन्व्हेंटातून सुट्टीवर आले होते. ऊन कलले की चित्रे लावलेली बैलबंडी गावभर फिरायची आणि तिच्यात बसून सूर्यभानचे चौघे बाजा वाजवायचे. संध्याकाळी त्यांना खेळ फुकट, पण पडद्याच्या मागून. तिकडे चित्र आरशातल्यासारखे उलटे दिसते, म्हणून तिथे तिकीट नसे. बँडवाले आणि झाडूवाले तिथेच बसत.

त्या महिन्यात मुख्य चित्रपटाआधी नऊ मिनिटांचा एक माहितीपट असे. अमेरिकेतले काळे वादक आणि त्यांचे जॅझ. तेवढ्या वेळात लोक पान खायला बाहेर पडत. सूर्यभान मात्र पडद्याला नाक लावून बसत.

चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"ताई, तुमाले इंग्रजी येते. तो मानूस काय सांगून राहिला?"

मी सांगितले : यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून आणले. ज्या हॉटेलात हे वाजवतात, तिथे यांना मागच्या दाराने यावे लागते. साहेब लोक यांच्या तालावर नाचतात, पण शेजारी बसू देत नाहीत.

"अन् हे डाव्या हातानं काहून वाजवतात?"

"डाव्या? नाही हो, उजव्याच हाताने."

सूर्यभाननी ट्रंपेट उजव्या हातात घेतला. चार दिवस ते डाव्या हाताने सराव करत होते. ढोलवाले शालिकराम खो खो हसले. "घ्या! मी म्हणलंच होतं, हा एक दिवस डाव्या हातानं जेवन!"

सूर्यभान हसले नाहीत. "दहा वर्सं झाले, शालिक. सगळं उलटंच पाह्यलं आपण."

दुसऱ्या दिवशी बंडी जुंपली, तरी ट्रंपेट त्यांच्या मांडीवरच.

"मालक, आज पुढं बसतो. आमी चौघंबी. तवाच वाजवतो."

"डोकं फिरलं काय रे?" बाबा म्हणाले. "लोक उठून जातीन. फुकट पाहून राहिला, ते कमी हाय?"

"फुकट? माह्या बाजावर गाव जमा होते, मालक."

"दुसरा बँड आणीन."

"आना. त्याइले मी सकाळीच सांगून आलो."

दुसरा बँड आला नाही. बंडी मुकाट फिरली. लोकांनी विचारले, कोण गेलं? तंबू अर्धाही भरला नाही. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "बस बाप्पा. पण कोपऱ्यात."

"कोपऱ्यात नाई. मधात."

त्या दुपारी बाजा वाजला आणि संध्याकाळी चौघे तिसऱ्या बाकावर, मधोमध बसले. शेजारच्या बाकावरचे तीन अडते ताडकन उठले. "भगवंतराव, याइले उठवा, नाईतर आमी चाललो."

बाबांनी सूर्यभानकडे पाहिले. मालक डोळ्यांनी काय मागत आहेत, ते सूर्यभानना कळले असणारच. पण पडद्यावरची नजर त्यांनी हलवली नाही.

"जाऊ द्या, मालक. बाक रिकामा नाई राहत."

अडते गेले. तोवर माहितीपट सुरू झाला होता. पडद्यामागून झाडूवाल्या तानुबाई दोन्ही पोरींना घेऊन आल्या, पदर सावरला आणि अडत्यांच्या बाकावर बसल्या. त्यांना उठवायला बाबा गेले नाहीत.

पुढल्या वर्षी बाबांनी हट्टाने अमरावतीचा बँड ठरवला. त्या बँडवाल्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, आमचा बाक कोणता?