व्यंकूचा न ऐकू येणारा ड्रम

व्यंकू गेला हे मला भाजीच्या गाडीपाशी कळलं. जुळे सोलापुरात आमच्या कोपऱ्यावर मी मेथीची जुडी बघत होतो, तेवढ्यात त्याच्या बायकोचा, लक्ष्मीवहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले... झोपेतच." मी "बरं" म्हणालो. मग मेथी घेतली, घरी येऊन फ्रीजमध्ये ठेवली आणि त्यानंतर बायकोला सांगितलं. महिना उलटून गेला, अजून रडू आलेलं नाही. त्याची लाज वाटते, म्हणून लिहायला बसलोय.

व्यंकटेश तेलुगू विणकरांच्या घरातला ड्रमवाला, मी मंगळवेढ्याहून आलेला ट्रम्पेटवाला. दोघंही एकाच लग्नाच्या बँडमध्ये होतो. लग्नसराई संपली की आम्ही अकरा जण रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचो आणि स्विंग वाजवायचो, म्हणजे भल्यामोठ्या ताफ्यानं वाजवायचं जुनं अमेरिकन नाचाचं संगीत. हे खूळ व्यंकूचं. कुठून तरी मिळवलेल्या कॅसेटी झिजेपर्यंत ऐकून तो ते शिकला. उजव्या हातानं झांजेवर डुलती लय धरायचा आणि मान तिरकी करून एकटाच हसायचा.

पहिल्याच वर्षी मी सगळ्यांदेखत त्याच्यावर उखडलो. आमच्या वरातीतला मोठा ड्रम दोन चौक पलीकडं ऐकू जायचा. इथं मोठा ड्रम पायाच्या पेडलनं वाजवायचा, पण याचा पाय त्यावर नुसता हलताना दिसायचा, आवाज म्हणून नाही! "पायाला मेंदी लावलीस का रे?" म्हटलं.

"आरं, ऐकू यायला न्हाय मारत मी," तो म्हणाला. "पाय काडला की कळंल की तुला."

पुढच्या गाण्यात त्यानं मध्येच पाय काढला. हात चालूच होते. पण आम्ही लटपटलो, ट्रॉम्बोन पुढं, मी मागं... त्यानं पाय परत ठेवला आणि सगळे जागेवर आले. मी माफी मागितली नाही. "बघू" म्हणालो. पुढं आयुष्यभर तो मला "काय, बघितलंस का?" विचारायचा आणि मी विषय बदलायचो.

गेल्या रविवारी जमलो. ड्रमवर कुणी बसलं नाही. तसंच एक गाणं वाजवलं. सूर सगळे बरोबर आले, पण ते कशावर उभेच नव्हते. अर्ध्यातच मी ट्रम्पेट खाली घेतला. बाकीचेही थांबले.

मग वहिनी ड्रम न्यायला आल्या. ड्रम टेम्पोत चढवले. खाली राहिली ती ड्रमखाली अंथरायची चादर, त्याच्या वडिलांनी मागावर विणलेली. पेडलच्या जागी पार विरलेली. मी नेमका तिथंच पाय ठेवून उभा होतो.

"भावजी, चादर धुवायला नेते," वहिनी म्हणाल्या. "पाय काडा की जरा."

मी "बरं" म्हणालो. पाय काही काढवेना.