धुणाऱ्यांची भाकरी

शिरूरच्या मिशन वस्तीत एखादी बाई वारली किंवा लेकरू गेलं, की चर्चच्या पाळकसाहेबांच्याही आधी मार्थाबाईंना बोलावणं जायचं. पाळकसाहेब आत्म्याचं बघणार. पण अंग कोण धुणार?

मार्थाबाईंनी हे काम तीस वर्षं केलं. पाणी कोमटच लागायचं. मेलेल्याला कसली आलीय थंडी, असं म्हणणाऱ्या शहाण्यांना त्या चुलीपुढून हुसकून लावायच्या. आधी कपाळ, मग डोळ्यांच्या कडा, कानामागची जागा, बोटांच्या बेचक्या. घाई नाही, नाक मुरडणं नाही. मोबदला म्हणून त्या घरानं त्यांच्या पदरात एक भाकरी आणि गुळाचा खडा बांधायचा. धुणारी रिकाम्या पदरानं परतली तर मेलेल्याचं धुणं पुरं होत नाही, असं वस्तीत मानत. पाळकसाहेबांना हे मुळीच पटत नसे. त्यांची आई गेली तेव्हा मात्र भाकरी त्यांनी स्वतः बांधून दिली होती.

मार्थाबाईंचा मुलगा विल्यम दौंडच्या लोको शेडमध्ये होता. इंजिनात कोळसा टाकता टाकता त्याला जग बघायची हौस आली आणि तो मालवाहू बोटीवर बॉयलरपाशी कामाला लागला. सत्तावन्न साली इंग्रजीतून पत्र आलं. ते धाकट्या लेकीनं, हेलननं वाचून दाखवलं. विल्यम तापानं गेला, किनारा लांब होता, जाड कापडात शिवून त्याला समुद्राच्या स्वाधीन केलं. मार्थाबाईंनी रडण्याआधी एकच विचारलं, "धुतलं कुणी त्याला?"

पत्रात ते नव्हतं.

त्यानंतर मार्थाबाई लोकांच्या घरी जातच राहिल्या, पण भाकरी घेईनाशा झाल्या. "माझं लेकरू तसंच गेलं. मी कशाच्या तोंडानं भाकरी घेऊ?" असं म्हणून त्या पदर झटकून निघायच्या. वस्तीतल्या बायका मागून हाका मारत राहायच्या.

हेलन पुण्याला शिकली आणि कोकणात समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी केंद्रात नोकरीला लागली. घोडनदीच्या काठी वाढलेली मुलगी समुद्राकाठी खेकडे मोजते, याचं वस्तीला फार हसू यायचं. आई हसायची नाही. ती फक्त दर खेपेला विचारायची, "तिकडं काही कळलं का गं?" हेलन सांगायची, "बोटीवरच्या लोकांनी धुतलं असेल की."

"असेल म्हंजी? तापाच्या माणसाला कोण हात लावतंय?"

मग हेलन विषय बदलायची.

बासष्टच्या मार्चमध्ये ओहोटीच्या वेळी हेलनला खडकांच्या कपारीत एक मेलेला डॉल्फिन अडकलेला दिसला. त्याच्यावर खेकडे होते, शंखातून डोकावणारे बारके जीव होते, गोगलगायी होत्या, आरपार दिसणारी कोळंबी होती. तिच्या डोळ्यांपुढे विल्यम आला आणि ती तोंड फिरवून भडाभडा ओकली. पण नोकरी ती नोकरी. वही घेऊन ती परत खडकावर बसली.

बसल्या बसल्या तिचं लक्ष एका खेकड्याकडे गेलं. तो डोळ्याच्या कडेला होता. इवल्याशा नांगीनं चिमटीएवढं उचलायचा, तोंडाशी न्यायचा, पुन्हा तिथंच यायचा. ओरबाडणं नाही, घाई नाही. कोळंबी डॉल्फिनच्या पराच्या दुमडीत शिरून बारीक बारीक टिपत होती. हे हात हेलननं जन्मभर पाहिले होते. ती रोज ओहोटीला जात राहिली. पंधराव्या दिवशी कपारीत फक्त हाडं होती, पांढरीस्वच्छ. वहीत त्या दिवसाचे आकडे लिहायचे सोडून तिनं लिहिलं, "धुऊन झालं." केंद्राचे साहेब रागावले. तिनं ते खोडलं नाही.

ईस्टरला ती शिरूरला आली. सकाळी सगळी वस्ती कबरींवर फुलं वाहून आली होती. मार्थाबाईंनी सगळ्यांच्या कबरी झाडल्या होत्या. फुलं वाहायला स्वतःच्या लेकाची कबर तेवढी नव्हती. दुपारी दोघी चुलीपाशी बसल्या. आईनं नेहमीचं विचारलं आणि या वेळी हेलन खोटं बोलली नाही. डॉल्फिनचं सगळं सांगितलं, स्वतःच्या ओकारीसकट. आई हे ऐकून कोसळली तर?

मार्थाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"खोल पाण्यात बी असत्यात तसले?" त्यांनी विचारलं.

"असतात, आई. तळाशीसुद्धा. कापड झिजलं की येतात."

"सुरुवात कुठनं करत्यात?"

"मी पाहिलेला डोळ्यांपाशी होता."

"आन् घाई न्हाईत करत?"

"नाही गं. तुझ्यासारखेच."

मार्थाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि पाच वर्षांचं साठलेलं रडल्या. हेलन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मायलेकी अशा जवळ बसून रडल्या त्या त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी हेलन एस.टी.साठी निघाली. मार्थाबाईंनी पहाटेच उठून बाजरीची भाकरी थापली होती. ती गुळाच्या खड्यासोबत पांढऱ्या फडक्यात बांधून त्यांनी हेलनच्या पिशवीत ठेवली.

"आई, वाटेत खायला डबा घेतलाय मी."

"तुला न्हाई ती," मार्थाबाई म्हणाल्या. "त्यास्नी दे. त्या खडकापाशी. आपल्या विल्यमला धुतलंय त्यांनी. पाच वर्सं झाली, रिकाम्या पदरानं ऱ्हायलेत बिचारे."